रिकाम्या हौदाचा राखणदार

अनानियास ब्राझीलच्या कोरड्या पाराइबा मुलखातल्या ज्या गावात जन्मला, तिथे पाण्याचं एकच ठिकाण होतं, चर्चच्या मागचं बांधीव तळं. त्या तळ्यावर पहारा करायचं काम त्याच्या बापाकडे होतं. कुणी गुरं आत घालू नयेत, कुणी काठावर कपडे आपटू नयेत, एवढंच पाहायचं. तळं भरलेलं असलं की गाव हसायचं आणि तळाचा चिखल दिसू लागला की माणसं गाठोडी बांधायची. एकोणिसाव्या वर्षी अनानियासनेही गाठोडं बांधलं आणि तीन दिवस बसमध्ये अंग आखडून घेत तो साओ पावलोला पोचला. पुढे त्याच्याही वाट्याला तळ्याचाच पहारा आला. फरक एवढाच, की हे तळं भरलेलं राहिलं तर माणसं मरणार होती.

पण ते फार पुढचं.

आधी त्याने इमारतींवर विटा वाहिल्या, मग गवंडीकाम शिकला. शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारी लिंदाउरा त्याला ओळखीतल्या एका लग्नात भेटली. तीही कोरड्या मुलखातलीच. दोघांनी घर बांधायचं ठरवलं तेव्हा आरासी वस्तीत टेकडीवरच्या बऱ्या जागा आधी आलेल्यांनी धरलेल्या होत्या. उरली होती ती पितांगा ओढ्याच्या काठची. लिंदाउराने जागा पाहिली आणि शेजारच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवरून गेलेला काळपट पट्टा बोटाने दाखवला.

"हा कशाचा डाग?"

"पावसाचा असेल," अनानियास म्हणाला.

घागरभर पाण्यासाठी ज्याने लहानपणी दोन-दोन कोस तुडवले, त्याला दाराशी वाहतं पाणी म्हणजे नशीबच वाटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. घर उभं राहिलं, जुसारा जन्मली, परसात लिंबाचं झाड धरलं.

टेकडीवर झाडी होती तोवर ओढा शहाण्यासारखा वागायचा. पाऊस पडून गेल्यावर दोन तासांनी चढायचा, सकाळपर्यंत उतरायचा. मग वर रस्ते झाले, अंगणं सिमेंटची झाली, मोठ्या दुकानाचं गाड्या लावायचं मैदान झालं. पाण्याला मुरायला हातभर माती उरली नाही. आता ढग फुटले की अर्ध्या तासात ओढा दाराशी यायचा, तोही रस्त्यावरचं तेल, गटाराची घाण आणि मेलेले उंदीर घेऊन.

जुसारा चौदा वर्षांची होती त्या वर्षी, भर पावसाळ्यात, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, पाणी छातीला लागलं. तिघं शेजाऱ्याच्या स्लॅबवर चढून वाचली. पाणी ओसरल्यावर घरात वीतभर चिखल होता. अनानियासला तिसऱ्या दिवशी कामावर जाणं भाग पडलं. लिंदाउरा मात्र आठवडाभर अनवाणी तो चिखल उपसत राहिली. टाचेला कुठेतरी काचेने कापलं होतं. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा खराटा हातात घेतला.

मग तिला ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहवेना. अनानियास म्हणाला, दमली आहेस, झोप. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. संध्याकाळी जुसारा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, आईचे डोळे पिवळे दिसतायत."

त्याने वर, छताला लोंबणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. "दिव्यामुळे वाटतं तसं."

इस्पितळात नेलं ते आणखी दोन दिवसांनी. तोवर लघवी बंद झाली होती. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, ते जखमेतून आत जातं, असं डॉक्टरने सांगितलं. चार दिवस आधी आणायला हवं होतं, असंही तो म्हणाला. हे तो अनानियासला सांगत होता, पण बापाच्या मागे जुसारा उभी होती. ताप आल्यापासून सोळाव्या दिवशी लिंदाउरा गेली.

बापलेकीचं भांडण असं कधी झालं नाही. जुसारा स्वयंपाक करायची, त्याच्यासमोर भात-घेवड्याची ताटली ठेवायची, काय हवं-नको ते विचारायची. पण विचारताना नजर ताटलीवर असायची. ती नजर वर उठली नाही, कितीतरी वर्षं.

तीन वर्षांनी सरकारने ठरवलं की ओढ्याकाठी मोठा हौद खणायचा. बेचाळीस घरं पाडली, त्यात अनानियासचंही घर गेलं आणि लिंबाचं झाडही. त्याला टेकडीवर एक खोली मिळाली आणि खणायच्या कामावर मजुरीही. जिथे लिंदाउरा भाकरीसारखी मक्याची वडी उकडायची, तिथे आता नऊ मीटर खोल हवा होती. काम संपलं तेव्हा पंपावर माणूस हवा होता. हा ओढा याच्याएवढा कुणाला ठाऊक नाही, असं तिथल्या इंजिनियर तेल्माबाईंनी म्हटलं आणि त्याला ठेवून घेतलं.

पहिल्या दिवशी बाई त्याला काठावर घेऊन गेल्या. त्या त्याला मानाने 'सेउ', म्हणजे 'श्रीयुत', म्हणायच्या. ओढा आणि हौद यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती.

"हे बघा, सेउ अनानियास. ओढा या भिंतीपर्यंत चढला की वरचं जास्तीचं पाणी आपोआप हौदात पडणार. ओढा उतरला की आपण पंपाने ते हळूहळू त्याला परत द्यायचं. खालच्या गल्लीला कळणारही नाही की पूर येऊन गेला."

"आणि हौदच भरला तर?"

"तर मग ओढा जाणे आणि खालची गल्ली जाणे." बाई थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणून हा रिकामा हवा. कायम. पाऊस थांबला की लोक छत्र्या मिटतात, तेव्हा तुमचं काम सुरू."

लोकांनी त्या हौदाला 'महातलाव' असं नाव ठेवलं, पोहायच्या तलावावरून. त्यात पोहायचं सोडाच, पाय बुडवायची कुणाची छाती नव्हती. जाता-येता पोरंटोरं नाही, चांगली मोठी माणसं जाळीतून ओरडायची, "काय सेउ अनानियास, पाणी कसं आहे आज? उडी मारू का?"

"मार की. आधी पाद्र्याला भेटून ये."

हसणं तेवढ्यापुरतं. एरवी वस्तीला हौद नकोच होता. वास येतो, डास होतात, घरांना गिऱ्हाईक मिळत नाही. आणि ज्यांना वास यायचा त्यांचेच जुने सोफे, गाद्या, फ्रिजची दारं रात्रीतून हौदात येऊन पडायची. ओढ्याच्या तोंडाशी लोखंडी गज बसवलेले होते. दर पावसानंतर अनानियास तिथे अडकलेल्या बाटल्या आणि पिशव्या आकड्याने ओढून काढायचा. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातांत जाड मोजे. नव्या मजुराला तो पहिली गोष्ट सांगायचा ती बुटांची. दुसरी काही सांगितली नाही तरी चालेल, पण बूट.

हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं की हौद नुसतं पाणी अडवत नाही. पावसाची पहिली धार सगळ्यात काळी असते, कारण रस्ते धुऊन निघतात ते तिच्यातच. ते पाणी हौदात पडलं, दिवसभर हललं नाही, की गाळ खाली बसायचा आणि घाण त्या गाळाला चिकटून तळाशी जायची. पंपाने जे ओढ्यात परत जायचं, ते काही पिण्यासारखं नव्हतं, पण त्यातून खालचे दगड दिसायचे. चौथ्या वर्षी खालच्या अंगाला एक बगळा येऊन उभा राहिला. आरोग्य केंद्रातली परिचारिका एकदा रांगेत त्याला म्हणाली की उंदरांच्या तापाचे रोगी पूर्वी दर जानेवारीत दहा-बारा यायचे, गेल्या दोन वर्षांत एकही नाही. अनानियास रांग सोडून बाहेर आला आणि बाकावर बसून राहिला. आपण कशासाठी आलो होतो हेच तो विसरला.

जुसाराचं लग्न झालं आणि ती नेमकी खालच्या गल्लीत राहायला गेली. त्याने नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही आहात ना वर राखायला." तिला भरवसा होता की तो टोमणा होता, हे त्याला तेव्हा कळलं नाही. जुसाराच्या भिंतीला भिंत लागून दोना नादिर, म्हणजे नादिरबाई, राहायची. सत्तरी उलटलेली, तोंडाची फटकळ, पण रोज दुपारी चारला बाटलीत कॉफी भरून चढ चढून पंपाच्या खोलीपर्यंत यायची. "घे, बेडकांच्या राजा," म्हणायची. तिचा मुलगा वाग्नेर बस चालवायचा आणि आईने हा चढ चढू नये म्हणून तिच्याशी भांडायचा. पुढे अर्धांगाने ती अंथरुणाला खिळली आणि कॉफी थांबली. मग रविवारी अनानियासच तिच्याकडे जाऊन बसायचा.

अशी तेरा वर्षं गेली.

हौदाच्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत मीटरचे आकडे रंगवलेले होते. गाळ दर वर्षी बसायचा आणि दर हिवाळ्यात, पाऊस नसताना, ट्रक लावून उपसला जायचा. मग तेल्माबाई निवृत्त झाल्या. देखभालीचं काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलं आणि ट्रक यायचे थांबले. पहिल्या वर्षी एकचा आकडा गाळाखाली गेला. मग दोनचा गेला. अनानियास दर महिन्याला छापील कागद भरायचा: गाळ इतका, उपसणे आवश्यक. कागदाची पोच यायची. चौथ्या वर्षी तीनचा आकडा बुडाला तेव्हा तो स्वतः कचेरीत गेला. खिडकीतल्या तरुणाने चांगल्या शब्दांत विचारलं, "पण काका, पूर तर आला नाही ना इतकी वर्षं?"

"हौद आहे म्हणून आला नाही."

"मग झालं तर," तो तरुण म्हणाला.

तीन पंपांपैकी एक दुरुस्तीला नेला होता, तो परत आलाच नाही. दुसरा नाताळाच्या सुमारास जळाला.

पुढे जानेवारीतल्या एका मंगळवारी मोठा पाऊस झाला आणि हौदाने तो घेतला. बुधवारी सकाळपासून एकटा तिसरा पंप धापा टाकत पाणी उपसत होता. दुपारी तीनला अनानियासने आकडे पाहिले. खाली गाळ, वर कालचं पाणी, उरलेली जागा कशीबशी तिसरा हिस्सा. आणि टेकडीमागे आभाळ शाईसारखं झालं होतं. पंपाचा आवाज बदलला, म्हणून तो शिडीने खाली उतरला. तोंडाशी प्लॅस्टिकचा एक मोठा तुकडा गुंडाळला होता. आकड्याने तो ओढून काढेपर्यंत वर थेंब पडू लागले होते.

त्याने कचेरीला फोन केला. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. मग त्याने मुलीला केला.

"जुसारा, पोरांना घे आणि वरच्या रस्त्याला जा. सगळ्यांना सांग. आज हौद पुरणार नाही."

"किती वेळ आहे?"

"अर्धा तास. फार तर चाळीस मिनिटं."

तिने फोन ठेवला. तिथे जाऊन आपण दारं ठोठवावीत असं त्याला हजारदा वाटलं. पण पंप पुन्हा अडकला असता तर ही चाळीस मिनिटंही वीस झाली असती. तो शिडीशी, हातात आकडा धरून उभा राहिला. ओढा बुटक्या भिंतीवरून हौदात कोसळत होता, त्या आवाजात स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. सदतिसाव्या मिनिटाला कोसळण्याचा आवाज बंद झाला. हौद आणि ओढा एका पातळीत आले. ती शांतता त्याला सगळ्यात भयंकर वाटली, असं तो पुढे एकदाच बोलला.

खालच्या गल्लीतली जवळजवळ सगळी माणसं निघाली होती. वाग्नेर बस घेऊन गेलेला होता, दोना नादिर तेवढी घरात राहिली.

जुसाराने आधी आपल्या दोन्ही पोरांना वर पोचवलं आणि दोन माणसं घेऊन ती नादिरसाठी परत आली. तोवर गल्लीत पाणी कमरेला लागत होतं. दार आत उघडणारं नव्हतं, बाहेर उघडणारं होतं. पाण्याच्या रेट्यापुढे ते तिघांनाही हलवता आलं नाही. जुसाराने खिडकीचे गज धरले. आत म्हातारी पलंगावर पडलेली होती, पाणी गादीला लागलेलं. जुसारा तिच्याशी बोलत राहिली, येतायत, आणतायत पहार, असं काहीबाही. नादिर म्हणाली, "जा ग. तुझी पोरं वर वाट बघतायत." तिचं बोलणं अर्धांगामुळे अडखळायचं, पण हे स्पष्ट होतं. शेवटी त्या दोघांनी जुसाराची बोटं गजांवरून सोडवली आणि तिला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीत एकच बोलणं होतं: वरून दार उघडलं. पंप वाचवायला हौदाचं दार उघडून पाणी खाली सोडलं, आणि ते उघडलं अनानियासने. ज्यांना चाळीस मिनिटं मिळाली होती तेही हेच म्हणत होते. त्यांनी त्या दिवशी पाणी पाहिलं होतं, वेळ कुणाला दिसला नव्हता. पंपाच्या खोलीच्या काचा दगडांनी फुटल्या.

आईला पुरून आल्यावर वाग्नेर थेट त्याच्या खोलीवर आला. अंगात बसचालकाचा गणवेशच होता.

"कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"वाग्नेर, तिथे दारच नाही रे. भिंत आहे नुसती. चल, तुला दाखवतो."

"माझी आई तुला कॉफी आणून द्यायची."

"हो."

वाग्नेर दाराकडे वळला. पाहायला चल म्हटलं तर तो आला नाही. कुणीच आलं नाही. हौदाला दार नाही हे पाहायला जाळीपर्यंत चार पावलं चालायची होती, पण दार नसेल तर दोष कुणाला द्यायचा, याचं उत्तर लोकांना कुठून मिळणार होतं?

ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं. तुमच्याच जिवाच्या काळजीने, असं कागदात लिहिलं होतं. चौकशीला निवृत्त तेल्माबाई आपणहून येऊन बोलल्या. त्यांनी त्याचे चार वर्षांचे कागद टेबलावर मांडले. निकालात दोन ओळी आल्या की पंपचालकाची चूक आढळत नाही. त्या ओळी घेऊन तो वाग्नेरकडे गेला. वाग्नेरने त्या वाचल्या आणि कागद परत त्याच्या हातात दिला.

"मग चूक कुणाची?"

अनानियासने कागदाची घडी घातली. खिडकीतला तो तरुण त्याला आठवला, ट्रक आठवले, सोफे, गाद्या. यातलं कुठलं नाव या माणसाच्या हातावर ठेवायचं? तो परत फिरला.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, पाऊस नसताना ट्रकांची रांग लागली. चार महिने गाळ उपसत होते. पंपही तिन्ही नवे आले. अनानियास ते पाहायला गेला नाही. तो खोलीत बसून असायचा, बाजारात जायचा तर लांबच्या. जुसाराही त्या दिवसापासून गप्प झाली होती. गल्लीत लोक तिच्यासमोर बापाबद्दल बोलायचे आणि ती ऐकून घ्यायची.

एका रविवारी दुपारी ती आली. मक्याची वडी उकडून आणली होती, वर लोणी. दोघं खायला बसली. तिने एक घासही घेतला नाही.

"बाबा, आईचे डोळे पिवळे झालेत असं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही दिव्याकडे बघितलं होतं."

"हो," तो म्हणाला. वीस वर्षं तो या वाक्याची वाट पाहत होता.

"तुमचा फोन आला ना, तेव्हा मी आधी टीव्ही उचलला. माळ्यावर ठेवला. मग शिवणयंत्र ठेवलं. आईचं." ती ताटलीकडे बघत होती. "मग पोरांना घेतलं. चार मिनिटं गेली असतील. पाच. परत आले तेव्हा दार..." तिने ताटली बाजूला सारली. "मी कुणाला सांगितलं नाही. वाग्नेरला नाही, नवऱ्याला नाही. लोक तुम्हाला शिव्या देतात आणि मी गप्प बसते."

अनानियासने तिला तुझी चूक नाही असं सांगितलं नाही. लिंदाउरा गेली तेव्हा त्यालाही लोकांनी तसं पुष्कळ सांगितलं होतं, आणि ते कशाच्या कामी येतं हे त्याला ठाऊक होतं. तो उठला, तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसला आणि तिचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने जुसाराने नजर वर केली. तिचे डोळे आईसारखे होते, हे तो विसरून गेला होता.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी पुन्हा तसंच आभाळ आलं. अनानियासने खोलीच्या खिडकीतून पाऊस पाहिला आणि तो ताडकन उठला. हा त्या बुधवारच्या पावसाएवढा होता, कदाचित जास्तच. छत्री न घेता तो चढ उतरून हौदाच्या जाळीशी गेला. ओढा बुटक्या भिंतीवरून आत कोसळत होता. चार दिसत होता, मग चार बुडाला, पाच बुडाला, सहा बुडाला. सातापाशी पाणी थांबलं. पाऊस ओसरला. पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पंपावरचा नवा माणूस खोलीतून बाहेर आला, जांभई दिली आणि आत गेला.

अनानियास भिजलेल्या कपड्यांनी खालच्या गल्लीत गेला. वर्षभरात पहिल्यांदाच. रस्ता ओला होता, एवढंच. पाणी पायरीलाही लागलेलं नव्हतं. दारासमोर टेबल टाकून चौघं जण डॉमिनो खेळत होते आणि कुणीतरी कुणाला लबाड म्हणत होतं. आज काय घडता घडता राहिलं, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगावं तर कसं सांगणार? दाखवायला हातात काही नव्हतं.

चौघांत वाग्नेर होता. त्याने मान वर करून पाहिलं. अनानियास थांबला. वाग्नेरने हातातल्या सोंगट्या टेबलावर पालथ्या ठेवल्या, तो उठला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाकीचे तिघं सोंगट्या गोळा करू लागले.

अनानियास त्या कोरड्या पायरीसमोर तसाच उभा होता. मग शेजारच्या दारातून जुसाराची हाक आली, "बाबा, आत या. भिजलायत किती. जेवण तयार आहे."